चपलेचा अंगठा

मे 2022. सकाळचे साडेनऊ वाजलेले, सौदा निघायच्या बेतात, आणि मी आडतीत गादीवर बसून ब्लेडनं चपलेचा अंगठा कापत होतो. चपलेला पुढं चामड्याचं गोल कडं असतं ना, ते. ते माझ्या उजव्या पायाच्या अंगठ्याला नुसतं टेकलं तरी कळ मस्तकात जायची. आमचा जुना हमाल पाठीवरचं पोतं उतरवून बघत उभा राहिला. "मालक, चप्पल नवी हाय की वो." नवीच होती. साडेआठशेची.

आदल्या दिवशी निलंग्याकडं एका लग्नाला गेलो होतो. ऊन 43 अंशाचं. पत्र्याच्या मांडवात दिवस काढला, पाणी बेताचंच. तहान भागवायला रसवंतीत दोन ग्लास उसाचा रस घेतला आणि परत येताना दोस्तांच्या आग्रहाखातर धाब्यावर मटण आणि दोन बाटल्या बिअर. रात्री अडीचला ओरडतच उठलो. आईला वाटलं, विंचू चावला. तिनं बॅटरी लावून सगळं अंथरूण झाडलं, उशीचे अभ्रे उलटे करून पाहिले, माझा अंगठा उजेडात धरला. लाल, तुकतुकीत, पिकल्या टोमॅटोसारखा ताणलेला. पंख्याचा वारा लागला तरी जीव जायचा. संडासला मी बसल्या बसल्या सरकत गेलो, सत्तेचाळिसाव्या वर्षी.

जवळच्या दवाखान्यात "पायात जंतू झालेत" असं निदान होऊन पाच दिवसांच्या गोळ्या मिळाल्या. रक्त तपासलं, युरिक अ‍ॅसिड 6.6. कागदावर 7 पर्यंत चालतं असं छापलेलं, म्हणजे तो प्रश्न मिटला. पुढं कळलं की हे दुखणं गाऊटचं, म्हणजे युरिक अ‍ॅसिड वाढून सांध्यात साचल्याचं, आणि ते ऐन भरात असताना हा आकडा कधी कधी खाली उतरलेला दिसतो, म्हणून सगळं शांत झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी परत तपासायचं असतं. माझं नंतर 9.2 आलं.

तोवर मात्र मी बरा झालो होतो, आणि ते श्रेय मी आंबेहळदीला देऊन मोकळा झालो होतो. आईनं आठ दिवस आंबेहळदीचा लेप घातला, आठव्या दिवशी सूज उतरली, अंगठ्याची साल निघाली, झालं. या दुखण्याची खरी गंमत इथं आहे. ते आपलं आपणच आठवड्या-दोन आठवड्यांत उतरतं. त्यामुळं उतरायच्या वेळेला जो उपाय पायाशी उभा असेल, हार त्याच्या गळ्यात पडतो. आमच्या आडतीत येणाऱ्या प्रत्येकाकडं असा हार घातलेला एक उपाय होता. अहमदपूरच्या एका शेतकऱ्याचा ठणका मेथीदाण्यानं गेला, औशाच्या एकाचा लसणानं, एका दिवाणजीचा तांब्याच्या कड्यानं. कुणी खोटं बोलत नव्हतं. सगळ्यांचा गेलाच होता. परत आला तेव्हा त्यांनी आम्हाला सांगितलं नाही एवढंच.

पुढच्या पाच-सहा महिन्यांत मी काय काय केलं ते सांगतो. एरंडाचं पान तव्यावर गरम करून बांधलं आणि दहा मिनिटांत फेकून दिलं, कारण सुजलेल्या अंगठ्याला ऊब म्हणजे आगीत तेल. चोळून घेतलं, ते त्याहून वाईट. पाणचट केलेलं सफरचंदाचं व्हिनेगर दोन महिने अनशापोटी घेतलं. आकडा होता तिथंच, दात मात्र आंबले. पुण्यातला भाचा फोनवर म्हणाला, मामा चेरी खा, चेरीनं उतरतं, त्यावर अभ्यास झालेत. आता लातुरात चेरी कुठली? गंजगोलाईत बेकरीचं सामान मिळतं तिथून डबा आणला, लालभडक. रोज दहा-बारा खायचो, गोड लागायच्या. पंधरा दिवसांनी बायकोनं डब्यावरचं बारीक वाचलं. करवंदं. करवंदं साखरेच्या पाकात मुरवून रंगवलेली. केकवर असतात ती. भाच्याला कळवलं तर तो हसत सुटला.

त्या हसण्यामागं एक गोष्ट होती, ती मला तेव्हा ठाऊक नव्हती. साखरेत अर्धा भाग फ्रुक्टोज, आणि फ्रुक्टोज शरीरात मोडताना युरिक अ‍ॅसिड वाढवतं. म्हणजे मी मटण सोडून पाक खात होतो, आणि उन्हाळाभर बाजार संपल्यावर रसवंतीत बसून रस पीत होतो.

डाळीचं तर विचारूच नका. लातूरचा आडत्या मी, तूर-हरभऱ्याच्या जिवावर घर चालतं, आणि जो तो सांगणार, "तूर बंद करा". चार महिने आमच्या घरात वरण शिजलं नाही. दिवसभर तुरीच्या ढिगात हात घालून दाणा पारखायचा आणि घरी येऊन भाकरीबरोबर दोडका. पुढं डॉक्टरांनी सांगितलं की डाळींत प्युरिन, म्हणजे ज्यातून युरिक अ‍ॅसिड बनतं ते, असतं खरं, पण त्यानं हे दुखणं वाढल्याचं मोठ्या पाहण्यांत दिसलेलं नाही. मटण, त्यातही कलेजी-वजडी, मासे, बिअर, गोड सरबतं, ही खरी मंडळी. चार महिन्यांच्या वरणाचा हिशोब मी अजून कुणाकडून वसूल केलेला नाही.

मग नवरात्र आलं. वजन 91 किलो झालेलं. म्हटलं देवीचे उपवास कडक करू, एका दगडात दोन पक्षी. नऊ दिवस फक्त पाणी, चहा आणि संध्याकाळी मूठभर शेंगदाणे. आमच्याकडं घट बसतात, तुळजापूरची ओढ घरातच आहे, त्यामुळं कुणी अडवलंही नाही. सातव्या माळेला रात्री दुसऱ्या पायाचा घोटा धरला. आईनं देवीची काही चूक झाली का म्हणून विचारलं. चूक उपासाची होती. अंग एकदम उपाशी ठेवलं की शरीर चरबी जाळायला लागतं, त्यातून रक्तात जे उतरतं ते आणि युरिक अ‍ॅसिड लघवीवाटे बाहेर पडायला एकमेकांची वाट अडवतात. वजन उतरवणं चांगलं, पण ते सावकाश. हे मला घोट्यानं शिकवलं.

आता पुडीचं सांगतो, म्हणजे मुख्य ते.

डिसेंबरात एका गिऱ्हाइकानं शेजारच्या तालुक्यातल्या एका वैदूचा पत्ता दिला. गावाचं नाव लिहीत नाही. दर गुरुवारी रांग लागायची, दारात जीपगाड्या उभ्या. नाडी धरली न धरली, कागदाच्या तीस पुड्या, पंधरा दिवसांच्या, सहाशे रुपये. "पथ्य काय?" विचारलं. "काही नाही. मटण खा, मासे खा. निसर्गाचं औषध आहे, साईड इफेक्ट नाही." राखाडी भुकटी, कडू, मधे मधे पांढरे बारीक कण. घोट्याला ठणका असतानाच पहिली पुडी घेतली. दोन तासांत मी उठून चालायला लागलो. खरं सांगतो, गाडीतनं उतरून त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं.

चार महिने घेतल्या. त्या चार महिन्यांत आडतीतल्या आठ-दहा जणांना मी स्वतः तो पत्ता दिला, ते आठवलं की आजही बरं वाटत नाही. पाहुण्यांकडं कंदुरीला गेलो, मटणावर ताव मारला, काही झालं नाही. भूक अशी लागायची की रात्री अकराला उठून भाकरी-ठेचा खायचो. अंगात जोर आल्यासारखा वाटायचा, झोप मात्र उडालेली. एक दिवस बायको ताट वाढता वाढता थांबली. "तुमचे गाल फुगायलेत. आरशात बघायलाव का कधी?" मी म्हटलं, तब्येत सुधारली. ती म्हणाली, "तब्येत सुधारल्यावर हात-पाय बी सुधारतात. तुमचे दंड बारीक व्हायलेत."

तिच्याच मैत्रिणीची मुलगी आयुर्वेदाची वैद्य. शिक्षण नांदेडच्या शासकीय आयुर्वेद महाविद्यालयातलं, दवाखाना औसा रोडला. एप्रिल 2023 मध्ये बायको मला तिथं जवळजवळ ओढतच घेऊन गेली. मी मनात म्हणत होतो, आयुर्वेदाचंच तर घेतोय की. बाईंनी पुडी टेबलावर पांढऱ्या कागदावर सोडली, चमच्याच्या टोकानं पसरली, वास घेतला. मग माझ्या तोंडाकडं बघितलं, पोटाकडं बघितलं आणि बीपी मोजलं. "काका, कितव्या पुडीला गुण आला?" पहिल्या, दोन तासांत. त्या हसल्या नाहीत. "दोन तासांत उतरवणारी मुळी मला कुणी शिकवली नाही. कुणाला सापडली असती तर ती सहाशे रुपयांना मिळाली नसती."

त्यांना संशय होता स्टिरॉइडचा, म्हणजे सूज-ठणका झटक्यात दाबणाऱ्या औषधाचा. भुकटीत गोळ्या कुटून घालायच्या. मी ती पुडी प्रयोगशाळेत दिली नाही, त्यामुळं कागदावर पुरावा माझ्याकडं नाही. पण उपाशीपोटीची साखर 168 आली, जी आधी कधीच नव्हती, आणि पुड्या सुटल्यावर तीन महिन्यांत ती 104 वर आली, गालही बसले. युरिक अ‍ॅसिड? 9.4. चार महिने मी बरा होतो आणि आकडा इकडचा तिकडं झाला नव्हता. ठणका बंद, साठा तसाच. युरिक अ‍ॅसिडचे खडे सांध्यात साचतच होते.

बाईंनी दुसरी गोष्ट सांगितली ती म्हणजे पुड्या एकदम बंद करायच्या नाहीत. इतके महिने बाहेरून स्टिरॉइड मिळालं की शरीर आपलं स्वतःचं बनवायचं सोडून देतं, आणि अचानक तोडलं तर माणूस कोसळू शकतो. त्यांनीच एका एम.डी. डॉक्टरांकडं चिठ्ठी देऊन पाठवलं. तिथं गोळीचं प्रमाण पायरीपायरीनं उतरवत सहा आठवड्यांत सुटका झाली.

त्या डॉक्टरांनी आणखी एक केलं, जे वर्षभरात कुणी केलं नव्हतं. माझी बीपीची गोळी मागितली. खिशातली पट्टी काढून दिली, त्यांनी मागं उलटी करून वाचली. त्यात हायड्रोक्लोरोथायझाइड होतं, लघवी वाढवून बीपी उतरवणारं. त्यानं युरिक अ‍ॅसिड अंगातच अडकून राहतं. ती बदलून लोसार्टन दिली, जी उलट थोडं बाहेर टाकते. मी वर्षभर मेथीदाण्यापासून करवंदापर्यंत सगळं तपासलं, रोज सकाळी चहाबरोबर घेत होतो ती गोळी सोडून.

आयुर्वेदात या दुखण्याला वातरक्त म्हणतात, चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात त्यावर अख्खा अध्याय आहे. त्याचं एक नाव आढ्यवात, म्हणजे खात्यापित्या श्रीमंताचा वात. बाईंनी कारणांची यादी वाचून दाखवली: गोडधोड खाणारे, नाजूक अंगाचे, न चालणारे. मांस, मद्य, ऊस. दिवसा झोप, रात्री जागरण. घोड्या-उंटावरून प्रवास. बायको म्हणाली, "उंट सोडून सगळं आहे." मला उसावर थांबावंसं वाटलं. ज्यांना फ्रुक्टोज हा शब्द माहीत नव्हता त्यांनी ऊस लिहून ठेवला होता, आणि मी रसवंतीत बसून वातरक्तावर उपाय विचारत होतो.

त्याच यादीत हुलगे आणि उडीद आहेत, दही आणि ताकही आहे. ताकावर मात्र दोन दवाखान्यांचं जमलं नाही. बाई म्हणाल्या आंबट ताक नको. डॉक्टर म्हणाले, कमी स्निग्धांशाचं दूध-ताक या दुखण्याला उलट चांगलं असल्याचं दिसलंय, रोज घ्या. मी गोड, ताजं, लोणी काढलेलं ताक घेतो. माझ्या मते दोघांचंही राहिलं.

बाईंनी दिलं ते गुळवेलीचा काढा आणि कैशोर गुग्गुळ. गुळवेल कुंपणावरची स्वतः तोडून उकळायची नाही, हे बजावून. तशा दिसणाऱ्या दुसऱ्या वेली असतात, आणि काहींच्या यकृताला त्रास झाल्याचंही आढळलंय. दर तीन महिन्यांनी यकृताची तपासणी करायला लावली. काढ्यानं काय झालं? सकाळचा जखडलेपणा कमी झाला, पोट साफ राहू लागलं. आकडा 9.4 वरून 8.7. वजन तीन किलो उतरलं होतं आणि बीपीची गोळीही बदलली होती, तेव्हा काढ्याचा वाटा किती ते मी कसं सांगणार. आंबेहळदीच्या वेळेची चूक परत नको.

8.7 बघून बाईच म्हणाल्या, "काका, आता डॉक्टरांची आकडा उतरवायची गोळी सुरू करा. माझं सोबत चालू राहील, त्यांना सगळं सांगून." मला तेव्हा वाईट वाटलं होतं, हारल्यासारखं. रक्तात 6.8 च्या वर गेलं की युरिक अ‍ॅसिड विरघळलेलं राहत नाही, खडे धरतं. पायाचा अंगठा हृदयापासून लांब, अंगातला गार भाग, तिथं आधी. 6 च्या खाली ठेवलं तर जुने खडेही हळूहळू विरघळतात. पथ्यानं, काढ्यानं एखादा अंश हलतो. मला तीन हवे होते.

अ‍ॅलोप्युरिनॉल 100 पासून सुरू झाली, अंगावर पुरळ उठलं तर त्याच दिवशी बंद करून या, अशी ताकीद देऊन. सोबत कोल्चिसिनची बारीक गोळी, सुरुवातीचे महिने, कारण साठा हलायला लागला की दुखणं उसळतं. आणि उसळलंच. 2023 ला श्रावण अधिक आला होता, धोंड्याचा महिना, सासुरवाडीला जेवण. सासूबाईंनी पुरणाचे धोंडे तुपात बुडवून वाढले. दुसऱ्या पहाटे अंगठा. गोळ्यांचा डबा उचलून उकिरड्यावर टाकणार होतो. बाईंना फोन केला तर म्हणाल्या, "भिंत पाडताना धूळ उडणारच. गोळी सोडू नका. बर्फ लावा." फडक्यात बर्फ, दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. सगळ्या घरगुती उपायांत हा एकच असा निघाला की ज्याचा गुण मला लावता लावता कळला.

कोल्चिसिनवरून आठवलं. भाऊ रेणापूर भागात शेती करतो. त्याच पावसाळ्यात त्याच्या बांधावर कळलावी फुललेली दिसली, खाली पिवळी वर लाल, वाकड्या पाकळ्या ज्वाळेसारख्या वर वळलेल्या. फोटो काढून बाईंना पाठवला, नाव विचारायला. त्यांचा लगेच फोन. कोल्चिसिन या झाडातही असतं, तमिळनाडूत त्याच्या बियांसाठी शेती होते. युनानी हकीम सांधेदुखीला सुरंजान देतात, तेही त्याच जातकुळीतलं. म्हणजे जिला मी "इंग्रजी गोळी" म्हणून नाकं मुरडत होतो ती मुळात आमच्या बांधावरच्या वेलीच्या घरातली, आणि जी पुडी "निसर्गाची" म्हणून डोक्याला लावत होतो तिच्यात बहुधा कारखान्यातली गोळी कुटलेली. बाईंचा फोन मात्र कौतुकाचा नव्हता. "कंद कुणी उकरायचा नाही. आयुर्वेदात ते उपविष आहे, चुकून खाल्लं तर माणूस जातो. भावाच्या पोरांना सांगा." सांगितलं. भावानं वेल काढली नाही, तिथं दगड रचून ठेवलेत.

पाण्याचं सगळ्यात उशिरा जमलं. 2016 ला या शहरानं मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी प्यायलंय, घागरीला रांगा लावल्यात. पाणी जपून प्यायची खोड आम्हाला लागलेली आहे, ती अशी सहज जात नाही. आता गादीशेजारी माझा वेगळा माठ आहे आणि भिंतीवर खडूनं रेघा. दोन तांब्यांमागं एक रेघ. मूत्रपिंड बरं आहे हे तपासून घेतल्यावरच डॉक्टरांनी तीन लिटर सांगितले होते. हमाल आधी हसायचे, आता मे महिन्यात तेही रेघा मारतात.

वजन 82 आहे. बिअर सुटली, रस सुटला, वरण परत आलं. गोळी 300 वर स्थिरावली, मागच्या खेपेचा आकडा 5.4. अठरा महिन्यांत एकदाही अंगठा धरला नाही. कंदुरीला जातो, दोन फोडी आणि रस्सा.

गेल्या महिन्यात किल्लारीकडचे एक पाहुणे तूर घेऊन आले होते. हिशोबाची पट्टी करताना बघतो तर एका पायात चप्पल आणि दुसरी हातात. "पाय लई दुखायलाय, रातभर डोळा लागला न्हाई," म्हणाले. मग आवाज खाली करून, "तुम्ही मागं कुणाला तरी पुडीचा पत्ता दिलता म्हणं. मला बी द्या की." मी पोराला बर्फ आणायला पिटाळलं, त्यांचा पाय पोत्यावर वर घेतला आणि म्हटलं, "पाहुणे, आधी बीपीची गोळी कोणती घेताव ती दाखवा."